विस्मरणात गेलेल्या निसर्गचित्रकाराची हरवलेली चित्रे कशी शोधावीत

गोदाघाट, अंजनेरी, ब्रह्मगिरी किंवा नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी आयुष्यभर रंगवणारा, पण आज ज्याचे नावही फारसे कोणाला आठवत नाही असा चित्रकार नाशिकच्या कित्येक घराण्यांत होऊन गेला आहे. नातवंडे, विद्यार्थी किंवा एखादा हौशी अभ्यासक त्याची चित्रे शोधायला निघतो आणि बहुतेक वेळा सुरुवातीलाच चुकतो, कारण तो थेट चित्रांच्या मागे लागतो. व्हॉट्सॲपवर आवाहन फिरते, दोन-चार फोटो हाती येतात, त्यांतले कोणते खरोखर त्या चित्रकाराचे हे ठरवायला आधार नसतो, आणि तोपर्यंत जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांना मात्र वास लागलेला असतो. कामाचा योग्य क्रम असा आहे: आधी कागद, मग माणसे, मग इमारती आणि सगळ्यांत शेवटी बाजार.

टप्पा १ : माणूस नेमका कोण, हे पक्के करा

चित्रकाराचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव, मूळ गाव, जन्म व मृत्यूची वर्षे आणि नोकरीची ठिकाणे एका पानावर लिहून काढा, आणि प्रत्येक नोंदीपुढे ती कशावरून घेतली ते लिहा. ऐकीव माहिती वेगळ्या शाईने लिहावी.

नाव किती प्रकारे लिहिले जात असे, याची यादी याच वेळी करावी. चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर इंग्रजी सूचीत ‘एम. व्ही. धुरंधर’ असतात, तसेच तुमच्या चित्रकाराचेही असणार. मराठी अंकात पूर्ण नाव, प्रदर्शनाच्या सूचीत इंग्रजी आद्याक्षरे, शाळेच्या कागदांत आडनाव आधी, तर चित्रावर केवळ आडनाव किंवा एखादे अक्षर, असे चारही प्रकार एकाच माणसाचे असू शकतात. गावाचे नावही जुन्या कागदांत ‘नासिक’ असे येते, त्यामुळे संगणकावर शोध घेताना दोन्ही रूपे वापरावीत.

या पिढीतले बरेचसे चित्रकार पोटापाण्यासाठी हायस्कुलात चित्रकला शिक्षक होते. त्यामुळे शाळेचे जनरल रजिस्टर, सेवापुस्तक आणि सर ज. जी. कला शाळेतील प्रवेशाची किंवा जी. डी. आर्ट या पदविकेची नोंद हे पहिले भक्कम पुरावे ठरतात. सेवापुस्तकाची प्रत वारसाच्या अर्जावर मागावी. त्यात जन्मतारीख आणि बदल्यांची ठिकाणे तर मिळतातच, शिवाय माणसाची सही मिळते, आणि ही सही पुढे फार उपयोगी पडते.

वारसच ठाऊक नसतील तर नाशिकमध्ये एक सोय आहे जी इतर शहरांत सहसा नाही. येथील आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमान घराण्यांच्या नामावळी असतात. श्राद्धासाठी किंवा अस्थिविसर्जनासाठी आलेला माणूस आपले, वडिलांचे, आजोबांचे, भावांचे नाव आणि गाव त्यात लिहून जातो. आडनाव आणि मूळ गाव सांगितल्यास गुरुजी त्या घराण्याची पाने काढून दाखवतात. मुलगी लग्नानंतर कोठे गेली हे मात्र त्यातून बहुधा कळत नाही, आणि चित्रे तर अनेकदा मुलींकडेच गेलेली असतात. त्यासाठी टप्पा ३ आहे.

तपासा : एकाच आडनावाचे आणि त्याच आद्याक्षरांचे दोन चित्रकार नाहीत ना? जन्मवर्ष आणि नोकरीची गावे जुळत नसतील तर दोन स्वतंत्र पाने करा आणि ती घाईने एकत्र करू नका.

टप्पा २ : काय हरवले आहे, याची यादी करा

हा टप्पा बहुतेकजण गाळतात. चित्र सापडण्याआधी ते अस्तित्वात होते याची लेखी नोंद मिळवावी लागते, कारण सापडलेले चित्र कशाशी ताडून पाहायचे ते त्या नोंदीवरूनच ठरते.

प्रदर्शनांच्या छापील सूचींपासून सुरुवात करा. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून आणि आर्ट सोसायटी ऑफ इंडिया १९१८ पासून आहे, आणि त्यांच्या प्रदर्शनांत जिल्ह्याच्या गावांतील चित्रकार चित्रे पाठवत असत. सूचीत चित्राचा अनुक्रमांक, शीर्षक आणि पुष्कळदा माध्यम व किंमत असते. तुमच्या दृष्टीने अनुक्रमांक सर्वांत मोलाचा, कारण त्याच क्रमांकाची चिठ्ठी चित्राच्या पाठीवर डकवलेली सापडली तर ते चित्र आणि ते वर्ष एकमेकांना बांधले जातात. केवळ शीर्षकावर विसंबू नये. ‘संध्याकाळ’, ‘घाटावर’, ‘पावसाळी दिवस’ ही शीर्षके प्रत्येक निसर्गचित्रकाराने अनेकदा वापरली आहेत.

त्यानंतर स्थानिक कागद पाहावेत. १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपले सावाना, येथे जुने अंक आणि स्मरणिका पाहण्यासाठी वेळ काढावा. नाशिकचे ‘गावकरी’ हे वृत्तपत्र १९३८ पासून निघते, त्यामुळे त्यानंतरच्या काळातील शहरातली प्रदर्शने, सत्कार आणि निधनवार्ता तेथे शोधता येतात. निधनवार्ता अवश्य मिळवा. कोणते चित्र कोणत्या संस्थेला भेट दिले, हे पुष्कळदा तिच्यातच लिहिलेले असते. दिवाळी अंकांची मुखपृष्ठे, दिनदर्शिका, शाळांच्या स्मरणिका आणि व्याख्यानमालांच्या निमंत्रणपत्रिका यांतील छापील चित्रांचीही नोंद करा, कारण छापील चित्रामागे कोठेतरी मूळ चित्र होते.

नाटकांचे पडदे आणि फोटो स्टुडिओतले पडदे अभ्यासकांच्या ध्यानात येत नाहीत. निसर्गदृश्य रंगवणाऱ्या माणसाकडून नाटक मंडळी ‘जंगलाचा पडदा’ हमखास करून घेत. एखाद्या चित्रकाराचे सर्वांत मोठे काम असा पडदाच असू शकते, आणि तो गुंडाळून एखाद्या शाळेच्या किंवा देवस्थानाच्या माळ्यावर पडलेला असू शकतो.

प्रत्येक नोंदीसाठी हे रकाने ठेवावेत : क्रमांक, शीर्षक, माध्यम, आकार, वर्ष, नोंदीचा आधार, शेवटी कोठे पाहिले गेले, आणि सद्यःस्थिती. सद्यःस्थितीत ‘सापडले’, ‘ठावठिकाणा नाही’, ‘नष्ट’ आणि ‘नष्ट झाल्याचे ऐकीव’ हे चार शब्द पुरतात. शेवटच्या दोघांतला फरक जपा. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी १९२२ साली शाहू महाराजांच्या निधनानंतर आपली कित्येक चित्रे कोटितीर्थ तलावात सोडली, असे सांगितले जाते. अशी आठवण मोलाची असते, तरीही सूचीत ती आठवण म्हणूनच जायला हवी.

सावधान : यादी पूर्ण होण्याआधी ती कोणाला पाठवू नका. कोणत्या शीर्षकाची चित्रे ‘हवी’ आहेत हे एकदा कळले की त्याच शीर्षकाची चित्रे दिसू लागतात.

टप्पा ३ : माणसांकडे जाणे

वयाने सर्वांत मोठ्या व्यक्तीपासून सुरुवात करावी, मग ती नात्याने कितीही दूरची असो. मुलींची आणि बहिणींची सासरची घरे, शेजारी, वर्गातले विद्यार्थी, शाळेतले सहकारी आणि चित्रांना फ्रेम करून देणारा दुकानदार अशी नावांची यादी करा. फ्रेमवाल्याला विसरू नका. त्याच्या दुकानाची चिठ्ठी फ्रेमच्या पाठीवर असते, आणि दुकान आज मुलाच्या किंवा नातवाच्या हाती असले तरी कोणत्या घरातून फ्रेमा येत हे त्याला बरेचदा ठाऊक असते.

प्रश्न कसा विचारला जातो यावर उत्तर ठरते. “आजी, तुमच्याकडे मामांची चित्रं आहेत का?” या प्रश्नाला “नाही रे बाबा, सगळी गेली” हेच उत्तर येते, कारण चित्र म्हटल्यावर त्यांच्या मनात दिवाणखान्यातली मोठी फ्रेम असते. त्याऐवजी असे विचारा : “मामांनी तुमच्या लग्नात काय आहेर दिला होता?” किंवा “त्यांच्या वह्या, रंगांची पेटी, पत्रं कुठे ठेवली होती?” वह्यांमधली पेन्सिलीची टिपणे, पोस्टकार्डावर रंगवलेला खंड्या, शुभेच्छापत्र म्हणून दिलेले छोटे जलरंगातले चित्र, हे सारे त्या प्रश्नांतून बाहेर येते. जुने कौटुंबिक अल्बमही पाहायला मागा. मुंजीच्या आणि साखरपुड्याच्या फोटोंत मागच्या भिंतीवर टांगलेले चित्र दिसते, आणि ते कोणत्या वर्षी कोणाच्या घरात होते याचा तो चोख पुरावा असतो.

पहिल्या भेटीत किमतीचा विषय काढू नये. कोणी “याचे किती येतील?” असे विचारलेच, तर आपण नोंद करायला आलो आहोत, मोल ठरवणे आपले काम नाही, असे स्पष्ट सांगावे. घरात वाटणीचा वाद असेल तर कोणाचीही बाजू न घेता परत यावे आणि काही महिन्यांनी पुन्हा जावे.

तपासा : मुलाखत संपल्यावर त्याच दिवशी टिपण लिहिले का? सांगणाऱ्याने चित्र स्वतः पाहिले होते की कोणाकडून ऐकले, हे त्यात नमूद आहे का?

टप्पा ४ : इमारती आणि त्यांच्या नोंदवह्या

शाळा, वाचनालये, नगरपालिका, शासकीय विश्रामगृहे, वनखात्याची कार्यालये आणि पाटबंधारे खात्याचे जुने बंगले या ठिकाणी भिंतीवरची चित्रे मालमत्ता म्हणून नोंदलेली असतात. ही नोंद डेड स्टॉक रजिस्टरमध्ये असते. तेथे चित्रकाराचे नाव शोधायला गेलात तर ते सापडणार नाही, कारण नोंद ‘निसर्गचित्र, काचेसह – १ नग’ एवढीच असते. तिच्यापुढची तारीख, कोणाकडून आले आणि शेरा हे तीन रकाने वाचा. ‘निर्लेखित’, म्हणजे नोंदवहीतून काढून टाकलेले, असा शेरा असेल तर निर्लेखनाचा आदेश आणि लिलावाची यादी मागा. वस्तू कोणी घेतली हे त्यात मिळू शकते.

शासकीय कार्यालय किंवा अनुदानित शाळा नोंदवही दाखवत नसेल, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असते. अर्जात ‘चित्रांची माहिती द्यावी’ असे मोघम लिहिल्यास नकार येतो. ‘अमुक ते अमुक वर्षांच्या डेड स्टॉक रजिस्टरची, भिंतीवरील चित्रे व फ्रेमा यांच्या नोंदी असलेली पाने’ असे नेमके लिहा. मात्र आधी मुख्याध्यापकांना किंवा कार्यालयप्रमुखांना नम्रपणे भेटावे. माझ्या मते निम्म्याहून अधिक कामे अर्जाशिवाय होतात, आणि माळ्याची किल्ली कोणाकडे आहे हे शिपाईमामांनाच माहीत असते.

देवळाली कॅम्पची गोष्ट वेगळी आहे. लष्करी छावणीमुळे तेथे इंग्रज अधिकारी राहत, हवापालटासाठी पारशी कुटुंबे येत, आणि परत जाताना परिसराचे एखादे जलरंगातले दृश्य बरोबर नेले जाई. अशी चित्रे आज इंग्लंडमधल्या लहान लिलावांत चित्रकाराच्या नावाविना, केवळ ‘भारतीय चित्रकार’ अशा वर्णनाने निघू शकतात. लिलावांच्या संकेतस्थळांवर म्हणूनच चित्रकाराच्या नावाबरोबरच ‘नासिक’, ‘देवळाली’, ‘गोदावरी’, ‘त्र्यंबक’ यांच्या जुन्या इंग्रजी वर्णलेखनानेही शोध घ्यावा.

जुन्या नाशकातले वाडे पाडले जात असल्याने तेथे वेळ दवडून चालत नाही. वाडा उतरवला जातो तेव्हा सागवानी खांब, तुळया आणि दरवाजे घेणारा व्यापारी फ्रेमाही उचलतो, लाकडासाठी. एखादा वाडा पाडायला निघाल्याचे कळले की त्याच आठवड्यात मालकांना भेटा.

महापुराचा हिशेबही ठेवावा लागतो. १९६९ आणि २००८ च्या सप्टेंबरमधल्या पुरांनी नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले होते. चित्र कोणत्या मजल्यावर होते हे विचारा. तळमजल्यावर होते असे उत्तर आले तरी लगेच ‘नष्ट’ लिहू नका. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपाशी पाणी चढताना पाहून सामान वर हलवणे नाशिककरांच्या अंगवळणी पडलेले आहे, आणि खालच्या कडेला पाण्याची तपकिरी रेघ असलेले चित्र वाचलेलेही असू शकते. ती रेघ पुसण्याचा प्रयत्न कोणी करू नये. चित्र त्या घरात त्या पुराच्या वेळी होते, याची ती साक्ष असते.

टप्पा ५ : चित्र समोर आल्यावर पहिला अर्धा तास

सर्वांत जास्त नुकसान याच अर्ध्या तासात होते, आणि तेही प्रेमापोटी. घरातले कोणीतरी ओले फडके घेऊन येते. त्यांना थांबवा. बटाट्याची फोड, पावाचा तुकडा, खोबरेल, स्पिरिट, वॉर्निश यांतले काहीही चित्राला लावायचे नाही. जलरंगावर पाण्याचा थेंबही चालत नाही. तैलरंगाचे पापुद्रे सुटत असतील तर चित्र उभे न ठेवता, रंग वर करून आडवे ठेवा.

मग पुढील क्रमाने काम करा.

१. चित्र भिंतीवर असतानाच, आजूबाजूच्या जागेसह एक फोटो घ्या.

२. चित्र उतरवून स्वच्छ चादरीवर ठेवा. फ्लॅश न वापरता, खिडकीच्या बाजूच्या उजेडात समोरून पूर्ण फोटो घ्या. काचेत प्रतिबिंब येत असेल तर कॅमेऱ्यामागे काळे कापड धरायला कोणाला तरी सांगा. काच काढू नका. दमट हवेत जलरंगाचा कागद काचेला चिकटलेला असतो आणि काच ओढताना रंगासह निघून येतो.

३. चारही कोपरे, सही आणि कोणतीही अक्षरे जवळून टिपा. शेजारी मोजपट्टी ठेवा. एक फोटो उजेड अगदी तिरका पडेल असा घ्या. त्यात रंगाचे थर, घड्या आणि नंतरची दुरुस्ती उठून दिसते.

४. पाठ टिपा. पाठीमागे प्रदर्शनाची चिठ्ठी, फ्रेमवाल्याचा शिक्का, कॅनव्हास किंवा कागद विकणाऱ्याचा छाप, पेन्सिलीने लिहिलेली किंमत, कोणाला दिले त्याचे नाव, यांपैकी काहीतरी जवळजवळ नेहमी असते. पुढून सामान्य वाटणारे चित्र मागच्या एका चिठ्ठीमुळे यादीतल्या नेमक्या ओळीवर जाऊन बसते.

५. उंची आधी, रुंदी नंतर, सेंटिमीटरमध्ये, फ्रेम आणि माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) वगळून लिहा.

६. वाळवी, कसर, बुरशीचे ठिपके, फाटलेले भाग यांची नोंद करा.

सावधान : नवी फ्रेम करायला चित्र दुकानात देऊ नका, निदान पाठीचे फोटो घेतल्याशिवाय तर नाहीच. कित्येक ठिकाणी मागचा जुना कागद फाडून फेकला जातो, चित्र फेव्हिकॉलने हार्डबोर्डवर चिकटवले जाते आणि फ्रेममध्ये बसावे म्हणून कडा कातरल्या जातात. सही बहुधा त्या कडेलाच असते. दुरुस्ती खरोखर आवश्यक असेल तर चित्रसंवर्धन शिकलेल्या माणसाकडेच जावे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असे संवर्धन केंद्र आहे.

टप्पा ६ : चित्र त्यांचेच आहे का, आणि कधीचे?

सही दिसली म्हणजे काम संपले, असे मानू नये. सही नंतर घातली जाते, आणि सही नसलेले चित्र सगळ्यांत प्रसिद्ध नावाला चिकटवले जाते. सावळाराम हळदणकरांचे, हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातले जलरंगातले चित्र आजही कित्येकजण राजा रविवर्म्याचे म्हणून सांगतात. एवढ्या नामांकित चित्राचे असे होते, तर नाशकातल्या एखाद्या चित्रकला शिक्षकाचे काय होत असेल!

सेवापुस्तकातील आणि पत्रांतील सह्या वर्षवार लावून त्यांच्याशी चित्रावरची सही ताडून पाहा. सहीखाली शके घातलेला असेल तर त्यात ७८ मिळवून इसवी सन काढा, मात्र जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या दिवसांसाठी ७९ मिळवावे लागतात. उदाहरणार्थ, शके १८६२ म्हणजे बहुतांशी १९४०.

चित्रातले दृश्य स्वतःच काळ सांगते. गोदावरीवर अहिल्याबाई होळकर पूल, म्हणजे जुना व्हिक्टोरिया पूल, दिसत असेल तर चित्र १८९५ च्या आधीचे नाही. गंगापूर धरणाचा विस्तीर्ण जलाशय असेल तर ते धरणानंतरचे. तेथील काम १९६५ साली पूर्ण झाले. घाटावर साधूंची छावणी आणि गर्दी असेल तर सिंहस्थाची वर्षे आठवा : १९५६, १९६८, १९८०, १९९१-९२. मात्र पूल नसणे हा पुरावा नाही, कारण रचनेसाठी चित्रकार नको ते वगळतो.

पक्षी आणि प्राणी याहून बारीक साक्ष देतात, आणि हा भाग मला सर्वांत आवडतो. नांदूरमध्यमेश्वरला गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील बंधाऱ्यामुळे झालेल्या पाणथळीत चक्रवाक आणि तलवार बदके हिवाळ्यात येतात. चित्रात चक्रवाक आहेत आणि मागचे डोंगर आषाढातल्यासारखे हिरवेगार आहेत, असे दिसले तर ते चित्र जागेवर केलेले नसून निरनिराळ्या टिपणांवरून घरी रचलेले आहे, आणि म्हणून त्यावरची तारीख त्या स्थळभेटीची धरता येत नाही. गायबगळ्याच्या डोक्यावर व मानेवर केशरी झाक असेल तर तो विणीच्या हंगामातला, उन्हाळा-पावसाळ्यातला पक्षी आहे. अंजनेरीच्या उतारावर कारवी फुललेली दाखवली असेल तर वर्षांची यादी आणखी लहान होते, कारण ती साधारण सात वर्षांनी एकदा बहरते. यासाठी जाणकार पक्षिनिरीक्षकाला चित्र दाखवावे. त्याला चित्रकलेतले काही कळायची गरज नाही.

पक्षी अगदी बाजूने, एका फांदीवर, मोकळ्या पार्श्वभूमीवर बसलेला असेल तर तो छापील पक्षिचित्रावरून केलेला अभ्यास असण्याची शक्यता आधी तपासा. पेंढा भरलेल्या प्राण्यावरून काढलेला बिबट्याही त्याच्या ताठ मानेवरून आणि काचेच्या डोळ्यांवरून ओळखू येतो. अशी चित्रे बाद करू नयेत, सूचीत ‘प्रतिकृती’ किंवा ‘अभ्यास’ म्हणून नोंदवावीत.

तपासा : प्रत्येक चित्रापुढे ‘निश्चित’, ‘संभाव्य’ किंवा ‘शंकास्पद’ यांपैकी एक शब्द आणि त्याची कारणे लिहिली आहेत का? ‘निश्चित’साठी निदान दोन स्वतंत्र पुरावे हवेत. सही आणि घरच्यांची आठवण हे दोन पुरावे धरू नका, कारण घरचे बहुधा सही वाचूनच सांगत असतात.

टप्पा ७ : बाजार आणि कायदा

आता आवाहन करायला हरकत नाही. त्यात एकच निश्चित चित्र द्या, सहीचा जवळून घेतलेला फोटो देऊ नका, आणि यादीतली शीर्षके जाहीर करू नका. विकत घ्यायचेच असेल तर विकणाऱ्याचे नाव, चित्राचे वर्णन, आकार आणि ते कोठून आले याचा उल्लेख असलेली पावती घ्या.

१०० वर्षांहून जुने चित्र पुरावस्तू व कलाकोष अधिनियम, १९७२ खाली पुरावस्तू ठरते, आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या नातेवाइकाला भेट म्हणून पाठवण्याआधी हे पाहावे. कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो आणि सर्वसाधारणपणे तो वारसांकडे असतो, चित्र ज्याच्या भिंतीवर आहे त्याच्याकडे नव्हे. त्यामुळे चित्र छापायचे असेल तर दोघांचीही लेखी संमती घ्या, एकाची पुरत नाही.

टप्पा ८ : सूची जागेवर ठेवणे

सापडलेल्या प्रत्येक चित्राला दिलेला क्रमांक पुन्हा बदलू नये. चित्र पुढे खोटे ठरले तरी तो क्रमांक रिकामा ठेवून कारण लिहावे. मालकाचे नाव आणि पत्ता आपल्या मूळ वहीत राहू द्या, प्रसिद्ध करायच्या प्रतीत ‘खासगी संग्रह, नाशिक’ एवढेच लिहा. फोटोंच्या फाइलींना चित्राचा क्रमांक आणि ‘समोर’, ‘पाठ’, ‘सही’ अशी नावे द्या, नाहीतर वर्षभराने पाठीचा कोणता फोटो कोणत्या चित्राचा हे तुम्हालाच सांगता येणार नाही. सूचीची एक छापील प्रत वारसांकडे, एक शहरातल्या वाचनालयात आणि एक चित्रकाराच्या शाळेत द्यावी. न सापडलेल्या चित्रांची पाने त्यातून गाळू नयेत. त्या पानांवर उजवीकडे रुंद समास सोडावा, म्हणजे एखादे चित्र आपल्या आत्याच्या घरी होते असे पुढच्या वाचकाला आठवले तर ते तेथेच तारखेसह लिहिता येईल.